आमाचं पाऊल

“…मग मी बसू की नको, बाबा?”

सुधन्वाने हे सकाळपासून इतक्यांदा विचारलं होतं की चुलीपुढच्या मांजरालाही ते पाठ झालं असेल. लोकरबाबा टकळीवर लोकर कातत होते. त्यांनी मान वर केली आणि दारातून बाहेर पाहिलं.

“बर्फ थांबला बग. ऊन काय झकास पडलंय!”

“बाबा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं की. माझ्या कानाला काय झालंय? … चल, वरच्या तळ्यापतूर जाऊन येऊ.”

लोकरबाबा मूळचे पन्हाळ्याकडचे. तरुणपणी हिमालयात आले आणि राहिले. त्यांचं खरं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हातात सदा टकळी, म्हणून लोकरबाबा. पहाडी बोली ते तिथल्या माणसांइतकी सफाईने बोलत, पण समोर मराठी माणूस आला की त्यांची जीभ धावत आपल्या गावाला जायची.

सुधन्वा नाशिकचा. उंचीने असा की बाबांच्या कुटीत शिरताना रोज कपाळ आपटून घ्यायचा. कॉलेजात असताना सह्याद्रीतले गड पळत चढलेला. चांगली नोकरी सोडून बाबांकडे आला, त्याला हा तिसरा हिवाळा. वाचन दांडगं, आवाज गोड, स्मरणशक्ती तल्लख. या तिन्ही गोष्टी इतरांआधी त्याला स्वतःलाच कळलेल्या होत्या.

बाबांच्या परंपरेत एक रीत होती. गुरूने ‘बस’ म्हटल्याखेरीज शिष्याने शिकवायला बसायचं नाही. कितीही येत असलं तरी नाही.

आणि नाशकात सगळी तयारी झाली होती. त्याचं ऐकायला उत्सुक असलेल्या मंडळींनी गंगापूर रोडला जागा बघितली होती, संक्रांतीचा मुहूर्त धरला होता. रस्ता बंद व्हायच्या आत, म्हणजे उद्या सकाळी, सुधन्वाला डोंगर उतरायचा होता. फक्त बाबांचा एक शब्द यायचा राहिला होता.

तो शब्द न घेता घरी गेलो तर? हा विचार आला की त्याला वडिलांचं बोलणं आठवायचं. वडील मागच्या खेपेला म्हणाले होते, “डोंगरात राहून मिळवलंस काय, ते एकदा सांग बाबा.” ते रागाने म्हणाले असते तर चाललं असतं. ते काळजीने म्हणाले होते. त्यांच्यापुढे रिकाम्या हाताने उभं राहायची त्याला खरोखर भीती वाटत होती.

म्हणून तो वरच्या तळ्याकडे जायला निघाला. चढताना बाबा बोलतील अशी त्याची आशा होती.

*

कुटीबाहेर गुडघाभर ताजा बर्फ होता. वाट कुठेच दिसत नव्हती.

“तू पुढं हो,” बाबा म्हणाले. “वाट पाड.”

सुधन्वाला काय आनंद झाला! आजवर प्रत्येक हिवाळ्यात बाबा पुढे आणि तो मागे, असंच चाललं होतं. आज पहिल्यांदा त्याला पुढे घातलं होतं. हाच तर शुभशकुन, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

तो निघाला. लांब लांब ढांगा टाकत, बर्फात मांडीपर्यंत रुतत, परत पाय उपसत. थंडी नाकाला झोंबत होती आणि अंगातून मात्र वाफा निघत होत्या. देवदारांच्या फांद्यांवरून बर्फाचे गोळे सुटून धप्प करून पडत होते. एक गोळा नेमका त्याच्या मानेवर पडला, तेव्हा तो लहान मुलासारखा ओरडला आणि मग स्वतःच हसला.

देवदार संपले. पुढे उघडे गोल डोंगर, उन्हाळ्यात हिरवेगार असणारे, आज पांढरेशुभ्र. पहिलं तळं आलं. त्याच्या कडा गोठल्या होत्या, मधे काळंभोर पाणी उरलं होतं. दुसरं तळं तर बर्फाखाली गडपच झालं होतं. जागा माहीत होती म्हणून ओळखायचं.

सुधन्वा एका खडकावर टेकला. मागे पाहिलं. बाबा बरेच खाली होते.

ते कसे येत होते, ते पाहून त्याला गंमत वाटली. सुधन्वाच्या एका खड्ड्यात पाय ठेवायचे. मग थांबायचे. मधल्या कोऱ्या बर्फात टाच मारून नवीन खड्डा करायचे, त्यात दुसरा पाय. मग सुधन्वाच्या पुढच्या खड्ड्यात पहिला. असं करत करत, गाणं गुणगुणत.

म्हातारपण आलं बाबांना, सुधन्वाच्या मनात आलं. त्याला त्यांची माया आली. आणि लगेच असंही वाटलं की हे परवानगीचं काम आता उरकून घेतलेलं बरं.

“मी हळू चालू का, बाबा?” त्याने वरून विचारलं.

“कशाला? तुजी ऐट बघायला मला बरं वाटतंय.”

“दमला असाल तर परत जाऊ.”

“दमतोय कोण? तू चल फुडं. वाट तुजी हाय.”

सुधन्वा दुप्पट जोराने निघाला.

*

वरचं तळं पूर्ण गोठलेलं होतं. चारी बाजूंनी पांढरे डोंगर आणि मधे हा निळसर आरसा. अधूनमधून बर्फ आतून ‘कुंईं’ असा आवाज करत होता.

सुधन्वा भारावून गेला. बाबा येऊन पोचेपर्यंत त्याच्या मनात अख्खं प्रवचन तयार झालं होतं.

“बाबा, मन हे या तळ्यासारखंच नाही का? वरून निश्चल, पण आत कुठेतरी…”

“चटणी आनलीस का?”

“…काय?”

“तुज्या आईनं धाडलेली. शेंगदाण्याची. आनलीस न्हवं?”

चटणी आणली होती. पोळ्याही आणल्या होत्या. दोघे खडकाच्या आडोशाला बसले. बाबांनी पोळीत चटणी भरून गुंडाळी केली, डोळे मिटून पहिला घास घेतला आणि एवढं प्रसन्न तोंड केलं की सुधन्वाला आपलं प्रवचन फुकट गेल्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

“आता तरी सांगा, बाबा,” थर्मासमधला चहा ओतत तो म्हणाला. “तिकडे लोक वाट बघताहेत.”

“कोन कोन हाय?”

सुधन्वा खुलला. “डॉक्टर पटवर्धन आहेत, मोठे सर्जन. निवृत्त न्यायाधीश आहेत एक. बँकेतले साहेब आहेत, संस्कृतच्या बाई आहेत. एकेक माणूस असा तयारीचा की बोलायला मजा येते.”

“वा.”

“मग?”

“…चहात आलं झकास पडलंय.”

सुधन्वाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात खालून कुणीतरी बोलल्याचा आवाज आला. बोलल्याचा म्हणजे भांडल्याचा. पण भांडणारी बाई एकटीच होती.

*

चढावरून आधी एक डोकं वर आलं, मग पाठीवरची वेताची टोपली, मग अख्खी गोविंदी आमा. पहाडात म्हाताऱ्या बायांना आमा म्हणतात. ही बाबांच्या कुटीखालच्या गावातली. सुधन्वाच्या कोपरापर्यंत येईल एवढी बुटकी, आणि आवाज मात्र डोंगरापलीकडे जाईल असा. ती पहाडीत बोलत होती, आपण ते मराठीतच ऐकू.

“बाबाजी!” तिने टोपली खाली ठेवली. “आधी मला सांगा, आज ही वाट कुठल्या उंटाने पाडली?”

सुधन्वाचा घास तोंडातच राहिला.

“का गं आमा?” बाबांनी भाबडेपणाने विचारलं.

“का म्हणजे? एक खड्डा इथे, दुसरा खड्डा तिथे! मधे मी काय उडी मारू? या वयात? तुमची ती टाचेची पावलं मधे मधे नसती ना, तर मी पहिल्या तळ्यापाशीच बसले असते. बर्फाची बाहुली होऊन. पोरगी माझी बाळंत झालीय डोंगरापलीकडे, आणि आई वाटेत गोठलेली!”

“पोरगी बाळंत झाली? काय झालं?”

“मुलगा. काल निरोप आला.” आमाचा राग क्षणभर पार विरघळला. “तूप घेऊन चाललेय. आणि टोपडं.” मग तिला परत आठवलं. “पण तो उंट कोण?”

बाबा चहा प्यायले. बोटाने वगैरे काही दाखवलं नाही. पण तिथे माणसं तीनच होती, आणि त्यातलं एक फार उंच होतं.

आमाने सुधन्वाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बराच वेळ लागला.

“तू?”

“मला माहीत नव्हतं, कुणी मागून येणार आहे,” सुधन्वा पुटपुटला.

“वाट पाडलीस ना? मग कुणीतरी येणारच! वाट कशाला असते?”

 सुधन्वाचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीमुळे नव्हते.

आमा त्याच्याशेजारीच खडकावर बसली, त्याच्याच हातातला चहा घेतला आणि जरा नरमली.

“माझे सासरे होते,” ती म्हणाली. “तुझ्याएवढे उंच. ताडमाड. बर्फ पडला की पाण्यापर्यंतची वाट घरातल्या उंच पुरुषाने पाडायची, अशी आमच्याकडे पद्धत. पण पाऊल मात्र घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाचं टाकायचं. घरात सगळ्यांत बुटकी मी. नवी सून. तर एवढा मोठा माणूस, मिशा अशा, आणि बर्फात नव्या नवरीसारखा चालायचा! लहान लहान पावलं टाकत. सगळं गाव हसायचं.”

“मग?”

“मग काय? मी डोक्यावर घागर घेऊन त्यांच्या पावलांतून जायचे. एकदाही पडले नाही.”

 सासऱ्यांची आठवण आली असावी, कारण ती उगीचच टोपलीतलं तुपाचं भांडं नीट लावत बसली.

सुधन्वाने बाबांकडे पाहिलं. बाबा चटणीचा डबा बोटाने पुसून खात होते.

*

पलीकडची खिंड समोर दिसत होती. तिथवर बर्फ कोरा होता, एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

“मी वाट पाडतो,” सुधन्वा एकदम उठून म्हणाला. “खिंडीपर्यंत. आमा, तुम्ही माझ्यामागून या.”

आमाने बाबांकडे शंकेने पाहिलं.

“जा,” बाबा म्हणाले. “मी हाय की मागं.”

सुधन्वा निघाला. आता तो अगदी छोटी पावलं टाकत होता. पाऊल टाकायचं, दाबायचं, मागे वळून बघायचं. पुन्हा पाऊल, पुन्हा दाबायचं, पुन्हा वळायचं. आपण किती सांभाळून घेतोय, या विचाराने त्याला बरंही वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात आमा त्याच्या पाठीवर येऊन धडकली.

“अरे, मी काय कोंबडी आहे?”

“आता काय झालं?”

“मघाशी उंट, आता मुंगी! एवढ्या एवढ्या पावलांनी चालले तर नातू शाळेत जायला लागेल मी पोचेपर्यंत! आणि सारखं वळून काय बघतोस? मी काय पळून जातेय?”

मागून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. खदखदून, पोट धरून. सुधन्वाला आधी राग आला. मग त्याने खाली पाहिलं. मागे त्याची ती इवली इवली पावलं एका ओळीत दिसत होती. तोही हसायला लागला. आणि मग आमाही.

हसून झाल्यावर मात्र तो तसाच उभा राहिला. गड पळत चढलेल्या माणसाला पुढचं पाऊल कुठे टाकावं ते कळत नव्हतं. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि त्याला त्याची लाज वाटली.

खडकाच्या कडेला एक पट्टा होता, वाऱ्याने बर्फ उडून तिथे जेमतेम बोटभर उरला होता. सुधन्वाने तिकडे हात केला.

“आमा, तुम्ही इथून थोडं चालून दाखवता?”

“कशाला?”

“तुमचं पाऊल केवढं पडतं, ते मला माहीत नाही.”

आमा त्याच्याकडे बघत राहिली. मग घागरा सावरून त्या पट्ट्यावरून चालत गेली आणि परत आली. ऐटीत, जराशी लाजत. आजवर तिचं चालणं कुणी असं बघितलं नसावं.

सुधन्वा वाकला. दोन पावलांमधे हातातली काठी आडवी धरून अंतराची खूण बोटाने धरली. डावा पाय जरा फाकून पडत होता, तेही त्याने पाहिलं.

“गुडघा दुखतो का?”

“डावा. तुला कसं कळलं?”

 तो वळला आणि चालायला लागला. डावं पाऊल जरा बाहेर, अंतर काठीवरच्या खुणेएवढं. आता मागे बघत नव्हता. बघायची गरजही नव्हती, कारण मागे आमाची टकळी सुरू झाली होती. जावई किती आळशी, त्याची आई किती कंजूष, बाळाचं नाक कुणावर गेलं असेल. एका लयीत पावलं आणि एका लयीत बोलणं. त्याच्यामागे बाबा, ते आता कुठेही टाच न मारता आरामात येत होते आणि हातातली लोकर कातत होते.

खिंडीत पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पलीकडे उतारावर गाव दिसलं. एका घराच्या छपरातून धूर निघत होता.

“ते बघ! तेच!” आमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. “आता उतार आहे. आता मी घसरत गेले तरी पोचेन.”

तिने टोपलीतून गुळाचा खडा काढून सुधन्वाच्या हातावर ठेवला. त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण तो पोचेना. सुधन्वा वाकला.

“दमला नाहीस ना?” तिने विचारलं.

“दमलो,” सुधन्वा म्हणाला. आणि हे म्हणताना तो खुशीत होता.

ती उतरली. बराच वेळ तिचा आवाज येत राहिला. ती बाळाशी आत्तापासूनच बोलायला लागली होती.

*

 परतताना वरचं तळं मागे पडलं. दुसरं गेलं. पहिल्या तळ्याच्या काळ्या पाण्यात डोंगराचं टोक गुलाबी दिसत होतं, पण सुधन्वाने त्यावर काही प्रवचन केलं नाही.

“बाबा.”

“हं.”

“नाशकात एक नलूताई आहेत.”

“बरं.”

“मी उन्हाळ्यात घरी जातो, तेव्हा गुरुवारी मंडळी जमतात. नुसत्या गप्पा म्हणून. त्याही येतात. दाराजवळ बसतात. बाकीचे ब्रह्म म्हणजे काय, माया म्हणजे काय, असलं विचारतात. त्या दर वेळी एकच विचारतात…”

“काय?”

“सुनेवर आवाज चढतो. मग रात्रभर वाईट वाटतं. त्याला काय करू?”

बाबा चालत होते.

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हणालो, ते आपण पुढे घेऊ.”

“घेतलंस?”

“…नाही.”

देवदारावरून बर्फाचा गोळा सुटला आणि बाजूला पडला. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

“संक्रांतीला त्यांना बोलावू नका, असं मीच सांगितलं,” सुधन्वा म्हणाला.  “त्यांच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं, म्हणालो. आणि खरं सांगू? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, बाबा. ब्रह्माचं येतं. ते नाही येत.”

दोन पावलं टाकून तो पुढे म्हणाला, “उद्या मी निघणार आहे. वडील विचारतील. मंडळी विचारतील. आता तुम्हीच सांगा, बसायचं की नाही ते.”

बाबा थांबले. चढाच्या बाजूला सरकून एका उंचवट्यावर उभे राहिले, म्हणजे ते सुधन्वाच्या उंचीचे झाले. त्याच्या खांद्यावरचा बर्फ त्यांनी हाताने झटकला. आधी एका, मग दुसऱ्या. त्यांचे डोळे हसत होते.

“मला कशाला इचारतोस, लेका? नलूताईला इचार.”